जाताना मिळणारा कर

४ सप्टेंबर

झोपायचा कर! माणशी इतका, रात्रीला इतका. म्हणजे मी डोळे मिटले की ह्यांचा मीटर सुरू. आणि मी तर झोपलेच नाही! गादी अशी मऊ की कूस बदलायला दोन माणसं लागावीत. रात्रभर छताकडे बघत पडून होते. जागणाऱ्या माणसाकडून झोपेचा कर घेतात, ही कुठली रीत?

सकाळी हॉटेलच्या गल्ल्यावरच्या माणसाला हे सगळं मी आपल्या भाषेत सुनावलं. लेकीला म्हटलं, सांग त्याला. तिने काय सांगितलं कोण जाणे. माझं सांगितलं असतं तर तो एवढा गोड हसला नसता.

"आई, हा पर्यटक कर आहे. पाहुण्यांनी गावाला द्यायचा."

"गावाने मला काय दिलं?"

"समुद्र."

समुद्र काय ह्यांनी खणला?

आणि बोचक्याला माफी! बोचकं म्हणजे लेकीचं पोर, पाच महिन्यांचं. बारा वर्षांच्या आतल्यांना कर नाही म्हणे. ज्याने रडून रडून अख्खा मजला जागा ठेवला त्याला माफी, आणि गुपचूप पडून राहिलेल्या म्हातारीला पावती. जावई मधे पडला. "आई, मी भरतो, जाऊ द्या." तो भरतो म्हणजे काय, पैसे काय झाडाला लागतात? रात्रभर पावाच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहतो तेव्हा कुठे दोन दिवस रजा मिळाली आणि आम्हाला समुद्रावर घेऊन आला.

गल्लेवाल्याने मग कानात सांगितल्यासारखं काहीतरी सांगितलं. लेक म्हणाली, "हा कर परत मिळत नाही. पण तू इथल्या दुकानातून काही विकत घेतलंस आणि देशाबाहेर नेलंस, तर त्याच्यावरचा कर जाताना विमानतळावर परत देतात. फक्त पाहुण्यांना. आम्हाला नाही."

"परत? हातात?"

"हातात."

मी खाली बसले. मला येऊन तीन आठवडे झाले आणि हे मला आज एक परका माणूस सांगतोय! पोटची पोर सांगत नाही!

५ सप्टेंबर

समुद्र पाहिला. पाणी आहे.

९ सप्टेंबर

आज कापड घेतलं.

थोरल्याने निघतानाच पैसे दिले होते. थोरला म्हणजे माझा मुलगा. शिलाईचं दुकान त्याच्या नावावर आहे, पण कोटांची काजं अजून माझी, हाताची. "आई, तिकडचं गरम कापड एक नंबर असतं, कोटांसाठी एक तागा आण." मी टाळत होते. इकडून तिकडे कापड ओढत न्यायचं आणि हमाली कोण देणार? पण आता कर परत मिळणार म्हटल्यावर हमालीचं बघून घेऊ.

दुकानातली बाई एक चष्मा डोळ्यांवर आणि एक डोक्यावर घालते. दोन्ही असून तिला कापडातलं काही दिसत नाही. म्हणाली, शुद्ध लोकर. मी काठाचा एक धागा ओढला, पिशवीतून काडेपेटी काढली आणि पेटवला. दोनचष्मी किंचाळलीच! लेक म्हणाली, "आई, अगं आग लावतेस का दुकानाला!" धागा जळला, केस जळल्यासारखा वास आला, राख बोटात चुरली. लोकर आहे. गाठ झाली असती तर प्लास्टिक.

लेकीने तिला समजावलं तेव्हा दोनचष्मीचा चेहरा उजळला. मग ती स्वतःच आतून एकेक तागा आणायला लागली आणि मला काडी ओढायला सांगायला लागली. चार ताग्यांपैकी दोन खोटे निघाले. एकावर "शुद्ध लोकर" असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं! तिने तिथल्या तिथे कुणाला तरी फोन लावला आणि झाडलं. भाषा कळली नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेतल्या मला समजतात.

मग पासपोर्ट बघून तिने एक कागद भरून दिला. कापड आणि कागद दोन्ही विमानतळावर दाखवायचं. तिथला अधिकारी शिक्का मारणार. मग आत एक खिडकी आहे, तिथे पैसे.

परत येताना तागा खांद्यावर मीच घेतला. लेक म्हणाली, दे इकडे. मी म्हटलं, तू बोचकं धर, मी माझं धरते.

१० सप्टेंबर

कापड भिजवलं.

कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं, सुई धरायच्याही आधी. शिवलेला कोट आक्रसला तर गिऱ्हाईक शिंप्याच्या नावाने खडे फोडतं, मेंढीच्या नाही. आणि लेकीच्या घरी टब असा ऐसपैस की ताग्याला पाय पसरून झोपता यावं. घरी आम्हाला बादल्यांत तुकडे तुकडे भिजवावं लागतं. म्हटलं, कशाला सोडा!

सकाळी जावई कामावरून आला. भुवयांपर्यंत पीठ. आंघोळीला गेला तो तसाच बाहेर.

"आई, टबात कुणीतरी आहे."

"कापड आहे. आज नळाखाली तोंड धू आणि झोप."

गुणी आहे. धुतलं तोंड आणि झोपला.

११ सप्टेंबर

बोंबला!

संध्याकाळी लेक तो दुकानाचा कागद सहज वाचत बसली होती. मोठ्याने. "वस्तू नवी असावी. न वापरलेली. दुकानाची चिठ्ठी न काढलेली." मग थांबली. मी थांबले. आतून टप टप आवाज येत होता. टबावर टांगलेलं कापड निथळत होतं.

चिठ्ठी मी आधीच कापून ठेवली होती. भिजू नये म्हणून! माझी अक्कल!

लेक हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग भिंत धरून, मग खाली बसून. बोचकं तिच्याकडे बघून हसायला लागलं. बऱ्याच दिवसांत ती अशी हसली नव्हती, म्हणून मी तिला दोन मिनिटं हसू दिलं. मग म्हटलं, पुरे.

"आई, कर परत मागायला आजवर कुणी धुतलेलं कापड नेलं नसेल!"

"धुतलं कुठे? भिजवलंय. तांदूळ धुतले म्हणजे जेवण झालं का?"

"हे तू त्या अधिकाऱ्याला सांग."

सांगीन की. मला काय भीती आहे?

१३ सप्टेंबर

कापड जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलं. वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत. खाली राहणारा म्हातारा तणतणत वर आला. बोट कापडाकडे, बोट स्वतःच्या दाराकडे, तोंडाचा पट्टा चालू. मी त्याच्या हातात कापडाचं दुसरं टोक दिलं. काठाला काठ जुळवून घडी घालायला दोन माणसं लागतातच, आणि लेक बोचक्यात अडकलेली. बिचारा बोलता बोलता ओढायला लागला. पहिल्या घडीला वाकडं धरलं, मी हातावर चापट मारली. दुसऱ्या घडीला सुधारला. जाताना टोपी काढून नमस्कार करून गेला.

१५ सप्टेंबर

ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली. ताग्याची घडी दुकानात होती तशीच घातली, पुठ्ठ्यासकट. चिठ्ठी परत लावली. भोकं तीच, दोरा तसाच, टाका आतून. देवालासुद्धा कळणार नाही, अधिकाऱ्याचं काय घेऊन बसलात!

१८ सप्टेंबर

आज लेकीची बस पाहिली.

लेक बस चालवणार आहे. शिकून झालंय, बोचकं पोटात यायच्या आधीच परीक्षाही पास झाली होती. आता बाळंतपणाची रजा संपत आली म्हणून डेपोत पुन्हा हात बसवायला बोलावतात. आज रिकामी बस होती. मला म्हणाली, "येतेस का मागे बसायला?" बोचकं मांडीवर घेऊन बसले.

बस म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीएवढी. आणि ही एवढीशी! खुर्ची पार पुढे ओढून बसली, आरसे नीट केले, एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि निघाली. बाजारातला रस्ता, दोन्ही बाजूंना हातगाड्या, एक माणूस शिडी आडवी धरून चाललेला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शिडी मागे गेलेली.

सायकल शिकताना हिने शेजाऱ्यांचं कुंपण पाडलं होतं. दोनदा.

उतरल्यावर विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "वळण बरं घेतेस." आणखी काय म्हणायचं? चढवून ठेवलं की माणूस ब्रेक विसरतो.

पंधरा ऑक्टोबरला कायमची लागणार. त्या दिवशी हजर झाली नाही तर नंबर मागच्या माणसाला जातो, मग पुन्हा कधी नंबर येईल कुणी सांगत नाही. डेपोतल्या फळ्यावर तिचं नाव लिहिलेलं तिने मला बोटाने दाखवलं. मोठ्या माणसांसारखं पूर्ण नाव.

माझं विमान बारा तारखेला. म्हणजे तिचा पहिला दिवस मला दिसणार नाही. नाही तर नाही. बोचक्यासाठी पाळणाघर ठरलंय, त्याच दिवसापासून.

२४ सप्टेंबर

पाळणाघराचं छप्पर गळतं म्हणे. नव्या वर्षापर्यंत नवी पोरं घेणार नाहीत.

लेक नुसतं "बघू" म्हणाली. ही बघू म्हणाली की समजावं, हिने बघून झालंय आणि काही दिसलेलं नाही. दुसऱ्या पाळणाघरात जागा नाही. बाई ठेवावी तर तिचा पगार हिच्या पगाराहून जास्त. जावई रात्रभर भट्टीपुढे, दिवसा झोपतो. रात्रपाळी करून आलेला माणूस पोर सांभाळणार म्हणजे पोरानेच त्याला सांभाळायचं.

मी एकदा विचारलं. एकदाच. "थांबू का?" पासपोर्टावर सहा महिन्यांचा शिक्का आहे, कुणी हाकलत नाही. तिकीट दोनच महिन्यांचं काढलं ते थोरल्याने, लग्नाचे कोट सुरू व्हायच्या आत मी परत हवी म्हणून.

"नको गं. दादा म्हणेल, मी तुला अडकवून ठेवलं."

म्हणेलच. ही लग्न करून इकडे आली तेव्हापासून तो म्हणतो, हिने स्वतःचं बघितलं, आईला आणि दुकानाला मी बघतो. ती ते विसरत नाही आणि तो ते म्हणायचं सोडत नाही. दोघेही माझ्यावरच गेलेत, काय करणार!

मी पुन्हा विचारलं नाही. मी का विचारू? तिला तोंड आहे.

२७ सप्टेंबर

थोरल्याचा फोन.

"आई, कापड घेतलंस?"

"घेतलं."

"तिकडे भिजवू बिजवू नकोस हं. इथे आल्यावर बघू."

"मी काय वेडी आहे?"

शेजारी लेक तोंडात पदराचा बोळा कोंबल्यासारखी उशीत तोंड खुपसून बसली होती.

मग त्याचं सुरू. बारा तारीख नक्की ना, कोटांचा ढीग लागलाय, काजांसाठी सगळं अडलंय, तुझ्यासारखं काज कुणाला जमतं! म्हटलं, लोणी लावू नकोस, इथे पाव आहे भरपूर.

फोन ठेवल्यावर बसून राहिले. खरं सांगायचं तर सुनेला जमतं. माझ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघून बघून शिकली. एकदा मला ताप होता तेव्हा तिने एका कोटाची सगळी काजं केली आणि माझ्या डब्याखाली ठेवून दिला. मी बघितली. एक टाका इकडचा तिकडे नाही. थोरल्याला वाटलं मीच केली. तिने सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगितलं तर दुकानात माझ्या स्टुलावर मी कशाला बसायचं?

हे असं आहे.

२ ऑक्टोबर

जावयाची परीक्षा घेतली. लेक डेपोत गेली होती. त्याला म्हटलं, आज दुपारी तू सांभाळ, मी नुसती बघते.

पोर घेतलं, बाटली भरली, तापमान मनगटावर बघितलं, सगळं ठीक. मग खुर्चीत बसला. बोचक्याने दोन घोट घेतले आणि हा घोरायला लागला! बाटली तशीच वर धरलेली, पुतळ्यासारखी. बोचकं दूध प्यायचं सोडून त्याच्या उघड्या तोंडात बोट घालून बघत होतं.

उठवलं. ओशाळला. "आई, पुन्हा एकदा बघू?" पुन्हा एकदा बघितलं. ह्या वेळी उभ्याने झोपला. घोड्याची जात.

त्याचा दोष नाही. पीठ मळून मळून माणसाचं पीठ होतं.

५ ऑक्टोबर

ऐकू नये ते ऐकलं. कान म्हातारे आहेत, बहिरे नाहीत.

स्वयंपाकघरात लेक जावयाला सांगत होती. डेपोला निरोप लिहून ठेवलाय. कामावर येऊ शकत नाही, नंबर सोडते, असा. तेरा तारखेपर्यंत कळवायचं आहे.

"मग आता का नाही पाठवत?" तो म्हणाला.

"आई असताना नको. तिला कळलं तर ती जाणार नाही, आणि दादा जन्मभर बोलेल. बारा तारखेला ती गेली की पाठवते."

"आपण आईंना सरळ विचारलं तर?"

"नाही म्हणजे नाही."

मग नळ सोडला. भांडी तर धुऊन झाली होती.

मी खोलीत येऊन पेटी भरायला घेतली.

६ ऑक्टोबर

पेटी भरली. काढली. पुन्हा भरली. इथल्या पेट्यांना चाकं आहेत, मन लागत नाही म्हणून उगाच खोलीत फिरवून बघितली. बोचक्याला त्याच्यावर बसवलं. खूष.

९ ऑक्टोबर

आज विमानतळाची रंगीत तालीम केली. लेक अधिकारी झाली, जावयाची कारखान्याची टोपी घालून.

"बाई, हे कापड नवं आहे का?"

"नवं आहे, साहेब."

"मग ह्याला बोचक्याच्या साबणाचा वास कसा येतो?"

मी ताग्यात नाक खुपसलं. खरंच येत होता! टब नीट घासलाच नव्हता कुणी. लेक टोपी डोळ्यांवर ओढून, "बाईंना अटक करा!" जावई दार अडवून उभा. बोचकं टाळ्या वाजवत. मी म्हटलं, हसा लेको, पैसे मिळाल्यावर एक दमडी देणार नाही कुणाला.

मग ताग्यात लवंगा घालून ठेवल्या.

दुपारी सगळे बाहेर गेल्यावर सुनेला फोन केला. उगाच. काजांचा रेशमी दोरा कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही तीन दिवसांनी निघताच आहात की!" म्हटलं, माहीत असलेलं बरं. मग म्हणाली, "काळा पण तिथेच आहे का?" हुशार आहे. मी म्हटलं, काळा खालच्या खणात.

१२ ऑक्टोबर

विमानतळावर. रांगेत ताग्यावर बसून लिहिते आहे. एवढी माणसं, एवढ्या पेट्या, आणि बसायला एक बाक नाही.

लेक आणि जावई दारापर्यंत आले, पुढे त्यांना सोडत नाहीत. लेकीने बोचकं माझ्या अंगावर दिलं, काढून घेतलं. "पोचलीस की फोन कर." "करते." "जिन्यावरून नीट." "विमानाला जिना चढून जायचंय, डोंगर नाही." डोळ्यांत पाणीबिणी काही आणलं नाही तिने. मीही नाही. जावई मात्र रडला, मोठ्याने! लोक वळून बघत होते. त्याला झोप नाही पुरेशी.

मोठी पेटी आत गेली. तागा हातात ठेवला, दाखवायचा म्हणून.

अधिकारी तरुण आहे, मिशी नुकतीच फुटलेली. त्याने तागा उलटसुलट केला. वास घेतला. भुवया वर. लवंग सापडली, ती चिमटीत धरून बघितली. काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "किडा लागू नये म्हणून." त्याला कळलं नाही. मग त्याने चिठ्ठी ओढून बघितली. आणखी जोरात ओढली. चिठ्ठी फाटेल पण सुटणार नाही, असा टाका आहे तो! शेवटी हसला आणि मारला शिक्का. धप्पकन! तालमीची मेहनत फुकट गेली म्हणायची, एक प्रश्नसुद्धा धड विचारला नाही.

आता ही आतल्या खिडकीची रांग. इथे पैसे. पुढे उभी असलेली पोरगी बुटांचे डबे घेऊन आली आहे, पायात मात्र फाटके. माझ्या मागे एक बाई, आपली भाषा बोलणारी. दोन दिवस बोलायला कुणी मिळालं नसावं, सगळं भडाभडा सांगते आहे. कुठले कर परत मिळतात, कुठले नाहीत, कुठल्या खिडकीवर लुबाडतात. तिला चांगली माहिती आहे. तिला पुढे जाऊ दिलं. बोलताना मान मागे वळवून दुखायला लागली होती.

एक जोडपं आलं, पोर रडत होतं. म्हटलं जा पुढे.

एकाचं विमान आधी आहे म्हणे. जा बाबा.

मघाची बाई पैसे घेऊन परत आली. "आजी, तुमचं विमान कधी?"

"आहे अजून."

भोंग्यावर कुणीतरी सारखं बोलतंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणखी एकजण ढोलाएवढं खोकं घेऊन धापा टाकत आलाय. ये, जा पुढे. मला काय घाई आहे? आयुष्यभर गिऱ्हाइकांना आधी सोडलंय.

१३ ऑक्टोबर

विमान गेलं. मी इथेच आहे, लेकीच्या घरी.

सगळ्यांना सांगितलं, रांग मोठी होती. खोटं नाही. जो येईल त्याला पुढे सोडलं की कुठलीही रांग मोठी होते. भोंग्यावर माझं नाव होतं, तीनदा. स्वतःचं नाव कुठल्याही भाषेत कळतं.

आता कुणी कुणाला अडकवलं म्हणायला जागा नाही. दोष रांगेचा. लेकीने सकाळी डेपोला "येते" म्हणून कळवलं. माझ्याकडे बघितलं, मी बोचक्याकडे बघितलं. झालं.

कापडाचा कर बुडाला, तो जाणाऱ्यालाच मिळतो. पण ज्या विमानात पाय ठेवला नाही त्याचा विमानतळ कर परत मागता येतो, असं त्या बाईने सांगितलंय. तो मी सोडणार नाही.

विमानातून उतरवून दिलेली पेटी वर आणताना जावई म्हणाला, "आई, काही लागलं तर सांगा." लागलंय. थोरल्याचा फोन वाजतोय. लेकीने हात लावायचा नाही, मी लावणार नाही. जावयाने उठायचं, उचलायचा, आणि न झोपता सांगायचं: रांग मोठी होती.